आधी खबर, मग नांगर

शाळेत वहीवर तारा मिळाला की ती वही मी दप्तरात घालत नसे. हातात उघडी धरून घरी येत असे, वाटेतल्या लोकांची सोय म्हणून. वयाच्या ६१व्या वर्षी मला पुन्हा एक तारा मिळाला. तो बघून मी मोबाईल उशीखाली सारला आणि बायकोला सांगितलं, बॅटरी उतरलीय. शाळेतला तारा एकातला एक होता. हा पाचांतला एक होता. ताऱ्याखाली तीन छोटी वाक्यं होती : ‘भडंग मागवले होते. भुगा आला. भुग्याची चव चांगली आहे.’

तिसरं वाक्य जास्त लागलं. नुसती शिवी असती तर परतवता आली असती. हा माणूस न्यायाने वागत होता, आणि न्यायाने वागणाऱ्या माणसाशी भांडायला काही आधारच सापडत नाही.

ही वेळ माझ्यावर कशी आली ते सांगतो. मी राहणार सातारचा, सासुरवाडी सांगली. एका सरकारी कचेरीत ३४ वर्षं टेबल सांभाळलं. त्या टेबलासमोर जो येई त्याला आम्ही ग्राहक म्हणत नसू, अर्जदार म्हणत असू. दोघांत फरक फार थोडा. अर्जदाराला ‘उद्या या’ म्हटलं की तो उद्या येतो. ग्राहक येत नाही. हा फरक मला निवृत्तीनंतर, स्वतःच्या खर्चाने कळला.

लग्नाला ३१ वर्षं झाली. तेवढी वर्षं या दोन जिल्ह्यांमधली मालवाहतूक माझ्याकडे आहे. सांगलीहून येताना भडंग, हळद आणि बेदाणे. साताऱ्याहून जाताना मोती चौकातून घेतलेले कंदी पेढे. एसटीत पिशवी मांडीवर, कारण वर ठेवली तर भडंगावर कुणाचं तरी गाठोडं बसतं. (हे मला ३१ वर्षं ठाऊक होतं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे उपयोगी पडेल.) निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत ही पिशवी भाच्याच्या नजरेला पडली. भाचा सांगलीला इंजिनिअरिंग शिकला, आता पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. तो म्हणाला, “मामा, ही पिशवी ऑनलाईन टाका. पुण्या-मुंबईची, अमेरिकेतली लोकं वेडी होतील.”

वेडं व्हायला एक जण पुरतो. तो घरातच होता.

मी लगेच मालाची यादी करायला घेतली, तर भाच्याने थांबवलं. “मालाचं नंतर बघू. आधी कंटेंट. ब्लॉग लिहा. कंटेंट असलं की ट्रॅफिक येतं.” खंबाटकी घाटात ज्याच्या आयुष्यातले निम्मे रविवार गेले, त्याला ट्रॅफिक मुद्दाम बोलावून आणायचं ही कल्पना जरा जड गेली. पण ‘लिहा’ हा शब्द बरोबर जागी लागला. कचेरीत ३४ वर्षं मी ‘सादर’, ‘अवलोकनार्थ’ आणि ‘आदेशार्थ’ एवढंच वाङ्मय निर्माण केलं होतं. आत बरंच तुंबलं होतं.

दीड महिन्यात मी १४ लेख लिहिले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर एक. बेदाण्याला ते दोन वर्षं आधीच मिळालं होतं, म्हणून बेदाण्याची बाजू मांडणारा दुसरा. कंदी पेढ्यातलं ‘कंदी’ हे इंग्रज साहेबाच्या ‘कँडी’वरून आलं असं सातारकर सांगतात, त्यावर तिसरा, आणि ते मला स्वतःला पटत नाही, म्हणून चौथा. हळदीवरच्या लेखाचे २,२०० शब्द झाले. त्या दिवशी घरात हळद होती पाव किलो, तीही फोडणीच्या डब्यातली धरून.

लेख टाकला की मी वाचकांचा आकडा बघत बसे. सांगलीकराला हे व्यसन पावसाळ्यात लागतं. पाऊस वाढला की तिथे माणसं एकमेकांना ‘कसे आहात’ विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. १९२९ सालच्या त्या पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सासरे दर तासाला फोन करून आकडा सांगत होते, जणू तो उतरवणं माझ्याच हातात होतं. आता मीही तसाच दर तासाला आकडा बघायचो. फक्त माझ्याकडे पाणी चढतच नव्हतं. पहिल्या आठवड्यात ११ वाचक झाले. त्यांतला एक भाचा आणि तीन मी.

यावरून घरात पहिला वाद झाला. भाच्याचं म्हणणं, लेख आखूड करा आणि प्रत्येक लेखाखाली ‘आत्ताच मागवा’ असं बटण द्या. माझं म्हणणं, हे म्हणजे कीर्तनकाराने आख्यान रंगात आलेलं असताना झोळीतून दंतमंजन काढण्यासारखं आहे. यावर बायको म्हणाली, “अहो, पण कीर्तनाला माणसं किती आहेत, ते बघा की आधी.” शेवटी बटण दिलं. ते दाबलं की काहीच होत नाही, हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

मग कायदा आला. खाण्याचा माल विकायचा म्हणून अन्नपरवान्याची नोंदणी केली; तिचा नंबर १४ आकडी निघाला. माझ्या नावासमोर एवढा मोठा आकडा आयुष्यात पहिल्यांदा लागत होता. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत आणखी एक कलम सापडलं. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि हुद्दा दुकानावर लावायचा, तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. आमच्या आस्थापनेवर माणसं दोन. मालक मी होतो, त्यामुळे अधिकारी बायको झाली. ३१ वर्षं ती तक्रारदार होती, आता अधिकारी झाली; आरोपी मात्र बदलला नाही. पदभार घेतल्याबरोबर तिने १९९० च्या दशकातली काही प्रलंबित प्रकरणं वर काढली.

हळद, भडंग, बेदाणे सांगलीहून सासऱ्यांच्या घरून निघायचे आणि पेढे साताऱ्याहून, असं ठरलं. मी कुरिअरवाल्यांना फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“सर, माल उचलायचा तिथला पिनकोड?”

“चार एक सहा, चार एक सहा.”

“हो सर, ऐकू आलं. पुढचे तीन आकडे सांगा.”

“तेच पुढचे तीन आहेत.”

“कुठले सर?”

“चार एक सहा.”

“ते पहिले झाले ना सर.”

सांगलीचा पिनकोड खरोखरच ४१६४१६ आहे, त्याला माझा इलाज नाही. पोस्टखात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही सहा आकड्यांची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्र कुठल्या भागात छाननीला जायचं ते ठरतं आणि शेवटच्या तिनांवरून कुठल्या पोस्टात. वेलणकर संस्कृतचे पंडित. संस्कृतात नाटकं आणि काव्यं लिहायचे. सांगलीपाशी आल्यावर त्यांना यमक आवरलं नसावं, अशी माझी समजूत आहे. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कारण आमचा फोन ‘सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी’ रेकॉर्ड होत होता. तिसऱ्या दिवशी टेम्पोवाला सासऱ्यांच्या दारात उभा. “आण्णा, कागदावर नुस्तं ४१६ हाय. निम्मा पत्ता कुटं ऱ्हायला?”

पहिल्या महिन्यात नऊ ऑर्डरी आल्या. सात नातेवाइकांच्या, त्यांनी पैसे देताना जो चेहरा केला असेल तो ऑनलाईन असल्यामुळे दिसला नाही. ऑनलाईन धंद्याचा तेवढा एक फायदा मी मान्य करतो. उरलेले दोघे खरे ग्राहक.

त्यांतल्या नागपूरच्या बाईंनी मे महिन्यात दोन किलो कंदी पेढे मागवले. कंदी पेढ्याचा खवा चांगला तांबूस होईपर्यंत भाजतात, त्यामुळे तो साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो, असं मी चौथ्या लेखात ठासून लिहिलं होतं. पण खोकं नऊ दिवस हिंडत होतं, आणि नऊ दिवस विदर्भातल्या मे महिन्यात काढायचे तर खवाच काय, मीही टिकलो नसतो. बाईंनी फोटो पाठवला. सगळ्या पेढ्यांनी आपसांतले मतभेद मिटवून एकच पेढा केला होता आणि त्यावर हिरवं, पांढरं, निळसर असं बरंच काही फुललं होतं. आमच्या साताऱ्यालाच असं एक पठार आहे. कासच्या फुलांना २०१२ साली जागतिक वारशात जागा मिळाली. या पठाराचे मात्र मला पूर्ण पैसे परत करावे लागले.

दुसरी ऑर्डर डोंबिवलीची, एक किलो हळदपूड. पाकीट वाटेत फुटलं आणि त्याच पोत्यातल्या दहा-बारा परक्या पार्सलांना हळद लागली. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी कर्जाच्या हप्त्याची नोटीस हळद लावून पोचली असेल आणि आधी घरात आनंद झाला असेल.

एक पार्सल ग्राहकाने दारातूनच परत केलं. येताना त्यावर माझा पत्ता ‘सदाशिव पेठ’ एवढाच वाचता येत होता. साताऱ्याला सदाशिव पेठ आहे, शनिवार पेठही आहे, हे जगाला ठाऊक नाही. खोकं पुण्याच्या सदाशिव पेठेत गेलं. तिथून ते चौथ्या दिवशी माझ्याकडे आलं तेव्हा त्यावर पेनाने, वळणदार अक्षरात शेरा होता : ‘आम्ही मागवलेले नाही. पत्ता नीट लिहावा. बेल एकदाच वाजवावी.’

आता भडंग. सांगलीचं भडंग म्हणजे चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, तिखट, कढीपत्ता आणि भरपूर हवा. ही हवा मला महागात पडली. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून त्यावरून वजन धरतात. एक किलो भडंगाला चार किलोंचं भाडं लागलं. त्यातले तीन किलो वातावरण होतं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला तोडगा सुचला. खोकं लहान करायचं. ३४ वर्षं मी दहा फायलींच्या कपाटात चाळीस फायली बसवल्या होत्या. गुडघा कसा टेकवायचा, दार कधी लोटायचं, सगळं हातातलं काम. त्याच कौशल्याने मी एक किलो भडंग बुटाच्या खोक्यात बसवलं. भाडं निम्म्यावर आलं. भाच्याला मी फोनवर सांगितलं, “याला म्हणतात ऑप्टिमायझेशन.” हा शब्द मी त्याच्याकडूनच शिकलो होतो.

ते खोकं गेलं नाशिकला, एका निवृत्त मराठीच्या गुरुजींकडे. आणि मग आला तो तारा.

“मामा, उत्तर देऊ नका,” भाचा म्हणाला. “सॉरी म्हणा, पैसे परत करा आणि विषय संपवा. कस्टमर इज किंग.”

ग्राहक राजा आहे हे मलाही मान्य होतं. पण सातारा ही छत्रपतींची राजधानी. राजाशी कसं वागायचं ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुजरा करायचा आणि आपली बाजू अर्जात सविस्तर मांडायची. मी ९०० शब्दांचं उत्तर लिहिलं. त्यात भडंगाची घडण, घाटातले धक्के, चुरमुऱ्याची नाजूक प्रकृती आणि ‘भुगा’ या शब्दात दडलेला पूर्वग्रह यांचा परामर्श होता. आमचं भडंग मुळात किती कुरकुरीत असतं हे सांगणारा एक स्वतंत्र परिच्छेद होता. बुटाच्या खोक्याचा उल्लेख जागेअभावी राहून गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दुकानाच्या पानावर तो एकटा तारा रात्रंदिवस लुकलुकत होता. त्याला सोबत हवी, असं मला वाटलं. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं; सोंगं घेण्याची परंपरा सासरकडून आयती मिळाली होती. मी तीन सोंगं घेतली. पहिलं, डोंबिवलीची समाधानी गृहिणी. दुसरं, अमेरिकेतला मराठी सद्गृहस्थ. तिसरं, एक तृप्त आजोबा. तिघांनी पाच-पाच तारे दिले. आजोबांच्या तोंडी मी जरा बोलीभाषा घातली, सद्गृहस्थांना थोडी मायदेशाची आठवण काढायला लावली. तिसरं सोंग संपलं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुकानदाराने ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्याच मालाला अभिप्राय द्यायचा नाही, असंही त्याच २०२० च्या नियमांत आहे. तक्रार अधिकाऱ्यांना नियम वाचून दाखवताना माझ्याकडून तेवढं पान उलटलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाशिकहून नवा अभिप्राय आला. ‘डोंबिवलीच्या गृहिणी, अमेरिकेतले सद्गृहस्थ, तृप्त आजोबा आणि दुकानाचे मालक हे चौघेही “कुरकूरीत” असे लिहितात. दुसरा कु ऱ्हस्व असतो. चौघे एकाच शाळेत गेले असावेत.’

त्या दिवशी आमच्या पानाला २१२ वाचक मिळाले. आयर्विनने धोक्याची पातळी ओलांडली होती.

तक्रार अधिकाऱ्यांनी ४८ तास घेतले नाहीत. बातमी कळल्यापासून तेराव्या मिनिटाला सुनावणी झाली. “अहो, खोटं बोललात ते बोललात, वर अशुद्ध बोललात!” निकाल एकतर्फी लागला. तिन्ही सोंगं पुसायची, गुरुजींचे पैसे परत करायचे, दुकान बंद ठेवायचं आणि रविवारी सांगलीला चलायचं. “अण्णांना सांगा सगळं.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ८६. त्यांची हळदीची अडत होती, गणपती पेठेत. बोलणं कमी आणि तेही तुटक. गिऱ्हाइकाशी कधी गोड बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. ‘बसा’ म्हणाले तरी माणसाला उभं राहिल्यासारखं वाटायचं. त्यांच्यापुढे मी सगळं मांडलं : १४ लेख, बटण, पिनकोड, पठार, बुटाचं खोकं, कुरकूरीत. अण्णा मधेमधे डोळे मिटत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“जावईबापू, माल पोचल्यावर काय लिहिलंत?”

“पोचल्यावर? पोचल्यावर कशाला लिहायचं, अण्णा? तोवर तर विकला गेला असतो ना.”

अण्णा उठले. माळ्यावरची लोखंडी ट्रंक मला काढायला लावली. आत सुतळीने बांधलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे होते. गुजरात, दिल्ली, कुठले कुठले शिक्के. सगळी गिऱ्हाइकांची उत्तरं. अण्णांची पद्धत अशी, की माल रवाना करताना नुसतं बिल; पत्र नाही, स्तुती नाही. मग माल पोचला असेल असा अंदाज बांधून आठ-दहा दिवसांनी एक कार्ड. ‘माल मिळाला असेल. रंग कसा उतरला? कीड निघाली का? वजन भरलं का?’ बस्स. तीन प्रश्न. मी चाळली त्यांतल्या बऱ्याच उत्तरांत तक्रारीच होत्या. एकाने तर वजनात सव्वा किलो घट आली म्हणून अख्खं कार्ड भरून सुनावलं होतं, आणि उरलेल्या जागेत, आडव्या ओळीत, पुढच्या वीस पोत्यांची मागणी लिहिली होती.

“शिव्या द्यायला जो कार्ड खर्चतो तो आपला असतो,” अण्णा म्हणाले. “न लिहिणारा गेला म्हणून समजायचं.”

मग ते हरिपूरच्या पेवांचं सांगायला लागले. सांगलीच्या कडेला, हरिपुराच्या मातीत माणूस उतरेल एवढी पेवं खणलेली असायची. हळद आत भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. माती अशी, की वर्षानुवर्षं हळकुंड तसंच राही. पेव फोडेपर्यंत आतला माल ना विकणाऱ्याला दिसायचा ना घेणाऱ्याला. “तुमचं ऑनलाईन म्हणजे तरी वेगळं काय?” अण्णा म्हणाले. “न बघता घ्यायचं. आम्ही तेच करत होतो. अडत्याचा शब्द हीच पावती.” २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. अण्णांनी त्या साली सगळ्या गिऱ्हाइकांना न विचारता कार्डं टाकली : ‘यंदा माझ्याकडे चांगला माल नाही. दुसरीकडून घ्यावा.’

“मग पुढच्या वर्षी सगळे परत आले?” मी विचारलं. गोष्टीचा शेवट मला लेखासाठी हवा होता.

“निम्मे आले,” अण्णा म्हणाले आणि ट्रंक बंद केली.

परतताना आम्ही रेल्वेने आलो. बायको खिडकीत, मी तिच्या समोर, दोघांच्यात अधिकृत अबोला. गाडी किर्लोस्करवाडीला थांबली. हे स्टेशन मी शेकडो वेळा पाहिलं आहे, त्यावर लेखही लिहिला होता. नववा. औंध संस्थानच्या राजांनी, म्हणजे आमच्या सातारकडच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जागा दिली आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी या माळावर कारखाना उभा केला. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरतं अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. तिच्यावर लेख लिहून काय होणार होतं? नांगर शेतात चालवून दाखवावा लागला. कर्मवीर भाऊराव पाटीलही रयत शिक्षण संस्था काढण्याआधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं मासिक निघालं ते १९२० साली. पुढे ते मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं.

म्हणजे १९१० ला कारखाना, १९२० ला खबर. मधे दहा वर्षं. ही दोन्ही सालं मी माझ्या लेखात एकाच ओळीत लिहिली होती आणि त्यांचा क्रम मला दिसला नव्हता. त्यांच्याकडे नांगर होता म्हणून खबर निघाली. माझ्याकडे खबरीच खबरी होत्या. नांगर मी गुडघा टेकवून बुटाच्या खोक्यात बसवला होता.

हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “यावर लेख लिहू नका.”

मी लिहिला नाही. (हा धरायचा नाही.) पोस्टात जाऊन ५० पैशांची दहा कार्डं घेतली. काउंटरवरच्या मुलाने आधी कार्डाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, दोघांपैकी जास्त जुनं कोण ते ठरवत असल्यासारखं. मग सांगलीहून एक किलो भडंग, चार किलोंच्या भाड्याच्या खोक्यात, हवेसकट, नाशिकला पाठवलं. फुकट. वातावरणाचे पैसे मी भरले. आठ दिवस थांबलो. हे आठ दिवस मला फार जड गेले, कारण न लिहिण्याची सवय मोडली होती. नवव्या दिवशी कार्ड लिहिलं. ‘भडंग मिळाले असेल. कसे लागले? दबले का? वजन भरले का?’ ‘कुरकुरीत’ हा शब्द एकदा मनात आला. पण लिहायचा धीर झाला नाही. खाली पत्ता अण्णांचा, सांगलीचा घातला. उत्तरं आपल्याकडे यावीत, तेवढाच उद्योग, असं अण्णांचं म्हणणं होतं.

बारा दिवसांनी अण्णांचा फोन आला. “जावईबापू, कार्ड आलंय. वाचतो.” चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. मग अण्णांनी एकेक शब्द सुटा करत वाचलं, अक्षर बारीक होतं म्हणून किंवा मजा येत होती म्हणून.

‘स. न. वि. वि. भडंग मिळाले. कुरकुरीत होते. दोन्ही कु ऱ्हस्व. वजन भरले. आणखी दोन किलो पाठवावे, या वेळी पैसे घ्यावेत. पेढ्यांविषयीचे लेख वाचले, पेढे नकोत. ता. क. आपल्या पत्त्यात पिनकोडचे ४१६ हे आकडे चुकून दोनदा लिहिले गेले आहेत. मी ते येथे दुरुस्त करून एकदाच लिहिले आहेत. आपणही दुरुस्ती करून घ्यावी.’

“मग कार्ड पोचलं कसं, अण्णा?”

“पोस्टमन ओळखीचा आहे.”

ग्राहक नेहमी बरोबर असतो का, या प्रश्नाचा अशा रीतीने निकाल लागला. वेलणकरांवरचा सातवा लेख गुरुजींना पाठवावा म्हणून मी मोबाईल हातात घेतला, तर समोर तक्रार निवारण अधिकारी उभ्या. मी मोबाईल ठेवला आणि मोठं खोकं शोधायला माळ्यावर चढलो.